जुळलेले दाणे

"लिफ्टजवळची अजिबात घेऊ नका काकू, दिवसभर टिंग-टिंग होते. नाचाच्या हॉलखालची त मुळीच नाई. तुम्ही झोपान अन् लोक तुमच्या डोक्यावर नाचतीन. मधातली खोली सगळ्यात बेस्ट. मधात जहाज हालत नाई."

फरहानं स्क्रीन वच्छलाबाईकडे वळवली. जटपुरा गेटाजवळचा तिचा सहलींच्या बुकिंगचा गाळा एवढासा. एका भिंतीवर उमरा यात्रेच्या पॅकेजचं पोस्टर, दुसऱ्या भिंतीवर ताडोबाचा वाघ, आणि मधल्या खांबावर अलीकडेच चिकटवलेलं पांढरंधोप जहाज. बाहेर मे महिन्यातलं चंद्रपूर तव्यासारखं तापलं होतं. रस्त्यावर सांडलेलं पाणी भुईला टेकायच्या आत वाळत होतं.

दिव्यानी आईशेजारी बसली होती आणि तिला राग येत होता. दिवाळीपासून तिला सारखाच राग येत होता. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो उठून बसलेला असायचा.

दिवाळीच्या आठवड्यात तिचा धाकटा भाऊ आदेश जहाजावरून नाहीसा झाला होता. हॉटेलचा कोर्स करून तो त्या नोकरीला लागला होता. पाहुण्यांच्या खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, टॉवेलचे हत्ती-बदक करून पलंगावर ठेवायचे. सुटीत आला की घरातल्या गमछ्यांचेही हत्ती करायचा, आणि आई ओरडायची, "अंग पुसाले ठेवशीन का नाई एखादा?" कंपनीनं कळवलं की त्यानं पुढच्या डेकवरून स्वतःहून उडी मारली. शोध घेतला, सापडला नाही, खेद आहे. एवढंच. कुठल्या कठड्यावरून, कोणी पाहिलं, त्याच्या पायात जोडे होते की नव्हते, काही नाही. दिव्यानीनं पाठवलेल्या प्रत्येक प्रश्नाला तोच खेद परत यायचा.

देह नाही, म्हणून तेरवी नाही. बाप मुखरू म्हणत होता, "पोरगा जिता हाये. कुठंतरी किनाऱ्याले लागला असन. जित्या लेकाच्या नावानं पाणी सोडनार नाई मी." शेवटी वच्छलाबाईनंच ठरवलं. त्याच जहाजावर जायचं, बाल्कनीची खोली घ्यायची, आणि पिंड आपल्या हातानं समुद्रात सोडायचा. बाप नाही तर नाही, मायलेकी जातील.

"मधातली हालत नाई, ते समजलं," वच्छलाबाई म्हणाली. "पण हातातून सोडलेलं सरळ पाण्यात पडन का?"

काय सोडायचं ते फरहाला कळलं. ती आदेशच्याच वर्गातली. शाळेत दोघं एका बाकावरून मार खाल्लेले. तिनं माउसवरचा हात काढला, ओढणी सारखी केली, आणि मग हळू बोलली. "सगळ्यायच्या नाई पडत काकू. काही मजले खालून पुढं आलेले असते, तिथी वरचं टाकलं की खालच्याच्या बाल्कनीत जाते. काही ठिकाणी खाली लाइफबोटी टांगलेल्या. थेट पाणी पायजे असन त या दोन रांगा पाहाव्या लागतीन." तिनं बोट फिरवलं. "अन् हे कोणाले सांगू नका. तिथी कागदाचा कपटासुद्धा टाकू देत नाई."

"माणूस टाकू देते," दिव्यानी म्हणाली.

कूलरचा पंखा तेवढा खडखडत राहिला.

"मले हा नकाशा कागदावर काढून दे," वच्छलाबाई म्हणाली. "घरी पाहतो आम्ही."

घरी पाहायचं म्हणजे काय, ते दिव्यानीला संध्याकाळी कळलं. बाबूपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आईनं नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या, आणि डब्यातून तांदळाचे दोन अखंड दाणे निवडून घेतले. फरहानं सांगितलेल्या मधल्या खोलीच्या चौकोनावर तिनं ते टोकाला टोक लावून ठेवले. वर पळसाच्या पानाचा द्रोण पालथा घातला. आणि जुन्या सुरात, ओठांतल्या ओठांत म्हणाली,

*दाण्याले लागला दाणा, वर झाकला पळस*
*कोणाची हाये भुई, सांग बाई सकाळीस*

दिव्यानीनं ही रीत फक्त ऐकलेली होती. जिवतीच्या डोंगरातल्या त्यांच्या गावात नवं घर बांधायचं तर आधी आदिवासी पुजाऱ्याला, जंगूबाबाला बोलवायचे. तो जागेवर दाणे जुळवून झाकायचा. सकाळी दाणे जुळलेले असले तर जागा मोकळी, खुशाल बांधा. दाणे फाकले तर तिथं आधीच कोणीतरी राहतं. दिसत नाही, पण राहतं. मग माणसानं मुकाट्यानं दुसरी जागा पाहायची, भांडायचं नाही. गावातल्या साऱ्यांनी ती रीत त्याच्याकडून उचलली होती, आणि गाव सोडून शहरात आल्यावर सारे ती विसरले होते.

"आई, हा कागद हाये. जागा नाई."

"सरकार नकाशावर रेघ मारून आख्खं गाव उठवते," वच्छलाबाई मान वर न करता म्हणाली. "तवा तुह्या डोक्यात नाई येत का हा कागद हाये म्हणून?"

दिव्यानी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. रक्त, लघवी, काचपट्टी, मायक्रोस्कोप. जे दिसतं ते लिहायचं, जे दिसत नाही ते लिहायचं नाही. तिनं दात आवळले आणि भाकरी थापायला बसली. खाटेवरून मुखरू पुटपुटला, "पोरगा जिता हाये अन् ह्या बाया पत्ते मांडून राह्यल्या."

सकाळी द्रोण उचलला. दाणे जसेच्या तसे, टोकाला टोक.

"झालं," दिव्यानी म्हणाली. "मधातली, चांगली, मोकळी. सांगू का फरहाले?"

आईचा चेहरा काळवंडला. तिनं दाणे चिमटीत धरले आणि अंगणात भिरकावले. "हे नाई पायजे."

दुसऱ्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरची खोली. सकाळी दाणे जुळलेले. आई चिडली. तिसरी, पाचव्या मजल्यावरची, फरहानं "एक नंबर" म्हणून गोल केलेली. जुळलेले. त्या दिवशी आईनं द्रोण पायाखाली चुरडला. चांगल्या खोल्या एकेक करून संपत चालल्या. फरहाचे फोन येत होते, "दीदी, लवकर सांगा, भरून राह्यलं जहाज." दिव्यानीनं लॅबमधून दोनदा सुटी मागून घेतली होती, दोनदा बदलून घेतली होती. आणि इथं ही बाई रोज चांगला कौल मिळून रोज तोंड वाकडं करत होती.

एका सकाळी तिच्यानं राहवलं नाही. "तुले नेमकं पायजे काय? रोज जुळते, रोज तू फेकते! जायचंच नसन त सरळ सांग. बाबासारखी बस खाटेवर!"

वच्छलाबाईनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दिवाळीपासून कोणी ते पाहिलंच नव्हतं.

"जुळले म्हणजे रिकामी," ती म्हणाली. "रिकामी खोली घेऊन काय करू मी? माहा लेक ज्या खोलीत हाये ती पायजे मले."

भाकरी तव्यावर करपली तरी दिव्यानीला कळलं नाही.

त्या दिवसापासून आईनं चांगल्या खोल्या सोडून दिल्या. फरहानं ज्यांच्यावर फुल्या मारल्या होत्या त्या घेतल्या. लिफ्टजवळची. हॉलखालची. लाइफबोटीमागची. आणि मग सहाव्या मजल्यावरची, अगदी मागच्या टोकाची. खाली मुदपाकखाना, बाजूला नोकरांचा जिना, अर्धी बाल्कनी लोखंडी भिंतीच्या आड. शहाणा माणूस फुकट दिली तरी घेणार नाही अशी. पण तिच्याखाली मात्र काहीच नव्हतं. थेट पाणी.

सकाळी आईनं द्रोण उचलला. तिनं दिव्यानीला नुसती हाक मारली.

दाणे फाकले होते. एक चौकोनाच्या या कडेला, दुसरा त्या कडेला. आणि मधे कागद ओला होता, वर एक थेंब.

मे महिना. घरात ओला टॉवेल दोरीवर टाकला की चहा पिऊन होईस्तोवर कडक व्हायचा. रात्रभर झाकलेला कागद ओला कसा राहील? दिव्यानीला आधी आईचाच संशय आला, आणि त्या संशयाचा राग आला. तिनं पिपेटनं तो थेंब उचलला, लॅबमध्ये नेला, काचपट्टीवर वाळू दिला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. पारदर्शक, काटकोनी, एकाला एक चिकटलेले चौकोन. मीठ. तिनं पट्टी पुसली, परत पाहिलं. मीठच.

संध्याकाळी तिनं सारं आपल्या हातात घेतलं. नकाशा पाटावर घेतला, दाणे तिनं लावले. द्रोणाऐवजी काचेचं भांडं पालथं घातलं, कडेनं लॅबची चिकटपट्टी फिरवली, पाटासकट नकाशा लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या धाग्यात ओवली. आई पाहत राहिली. "कर," म्हणाली. "तुह्याही हाताचं पाहू दे त्याले."

सकाळी चिकटपट्टी जशीच्या तशी होती. भांड्याला आतून दव धरलं होतं. दाणे फाकलेले. कागद एवढा ओला की चौकोनाची शाई फुटून पसरली होती. दिव्यानीनं नाक जवळ नेलं. कपाटात फिनाइलच्या गोळ्यांचा वास असायचा. आत्ता दुसराच येत होता, तिनं आयुष्यात कधी न घेतलेला. तरी तिला तो कळला.

ती नकाशा घेऊन सरळ फरहाच्या गाळ्यात गेली. आई मागून आली, वाटेत कोणाशी न बोलता.

"ही?" फरहा म्हणाली. "दीदी, ही त मीच फुली मारलेली." तिनं नंबर टाकला. परत टाकला. "उघडतच नाई. बाकी सगळ्या दिसून राह्यल्या, ही नाई."

"फोन लाव."

मुंबईच्या बुकिंगवाल्याचा आवाज गोड, तेल लावल्यासारखा. फरहानं स्पीकर चालू केला. "ती केबिन विक्रीला नाहीये मॅडम. मेंटेनन्स. मी तुम्हाला मिडशिपला, जहाजाच्या मध्यभागी, खूप छान..."

"कवापासून मेंटेनन्स?" दिव्यानीनं विचारलं.

"ते... नोव्हेंबरपासून दिसतंय."

फरहानं तोंडावर ओढणी धरली. वच्छलाबाईनं फोन उचलून दोन्ही हातांत धरला, आरसा धरावा तसा.

"त्या खोलीत कोण राहते?"

"कोणीच नाही काकू. बंद आहे."

"कोणीच नाई त कुलूप काऊन?"

"अहो, ओल येते तिथे. दोनदा गालिचा बदलला, मशीन लावून वाळवलं, तरी सकाळी..." आवाज थांबला. कोणीतरी त्याला काहीतरी सांगितलं असावं. "सॉरी, ही माहिती आम्हाला देता येत नाही."

"तुमी म्हटलं होतं पुढून उडी मारली त्यानं," दिव्यानी ओरडली. "पुढून! ही खोली मागं हाये! मागं!"

फोन बंद झाला होता. ती बंद फोनवर ओरडत राहिली. बाहेरून जाणारे दोघं-तिघं थांबून आत पाहू लागले. फरहानं शटर अर्धं ओढलं आणि दिव्यानीला पाठीमागून धरलं. "हरामखोर," ती दिव्यानीच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "हरामखोर साले."

दिव्यानीला आता एक गोष्ट आठवत होती. दसऱ्याच्या सुमारास आदेशनं व्हिडिओ कॉल केला होता. "साहेब-मॅडम जेवाले गेले, तवर पाहून घ्या समुद्र," म्हणून त्यानं फोन बाल्कनीबाहेर धरला होता. आईला दिसलं होतं नुसतं निळं, आणि कडेला लोखंडाची भिंत. "असा काऊन अर्धाच दिसते रे?" तिनं विचारलं होतं. तो हसला होता. "ही सगळ्यात रद्दी खोली हाये आई. तुले मधातल्या खोलीत बसवीन मी."

घरी येईस्तोवर दिवस कलला. मुखरू खाटेवरच होता. राइस मिलमध्ये पोती वाहून त्याची कंबर गेलेली, वाकता येत नव्हतं. बायकोचा चेहरा पाहून त्यानं आज "जिता हाये" म्हटलं नाही.

वच्छलाबाईनं नकाशा पसरला. वाट्या ठेवल्या. दाणे जुळवले. पण द्रोण लगेच घातला नाही, आणि गाणंही म्हटलं नाही. ती त्या फुटक्या शाईच्या चौकोनावर वाकली, आणि आदेश लहानपणी तळ्यावरून दिवेलागणीपर्यंत परतायचा नाही तेव्हा दारात उभी राहून जशी बोलायची, तशी बोलली.

"आदेश. ऊठ तिथून."

मुखरू खाटेवर ताठ झाला.

"लोकायच्या घरात किती दिवस बसशीन? त्यायनं तुले खोल्या झाडाले ठेवलं होतं, राहाले नाई. तू तिथी ओला बसला, त्यायनं कुलूप घातलं. लाज नाई वाटत? मी येनार नाई तुले न्यायले. काऊन येऊ? तू काय लहान हाये? माह्ये पाय दुखते. तुह्या बापाले वाकता येत नाई. कूलरमंदी पाणी भराले घरात कोणी नाई. कोणावर राग धरून बसला असशीन त राग घेऊन ये. पण घरी ये. ऐकून राह्यला का? घरी ये!"

शेवटचा शब्द एवढा जोरात गेला की शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं. मग तिनं द्रोण घातला, हात धुतले, आणि पहिल्यांदाच पोटभर जेवली.

सकाळी दिव्यानीनंच द्रोण उचलला.

दाणे जुळलेले होते. टोकाला टोक. कागद वाळून कुरकुरीत झाला होता.

"आई," ती म्हणाली, "रिकामी."

आईनं नुसती मान हलवली. ती चुलीपाशी होती. परातीत रोजच्यापेक्षा जास्त पीठ होतं.

फोन वाजला. फरहा धापा टाकत बोलत होती. "दीदी, उघडली! ती खोली उघडली! आत्ता सकाळी सिस्टीमवर आली. मी मुंबईले फोन केला, तो म्हणे रातच्यातून वाळली, काय झालं माहीत नाई. घेऊ का? कोणी घ्यायच्या आंधी घेऊन टाकू का?"

दिव्यानीनं आईकडे पाहिलं.

"नको म्हण," वच्छलाबाई म्हणाली. "आता काय हाये तिथी?"

तेवढ्यात मागच्या अंगणातून मुखरूची हाक आली. "कूलर कोणी भरला वं?"

दिव्यानी बाहेर गेली. नळ अजून यायचा होता. बादल्या पालथ्या होत्या, तळाशी धूळ. आदेश गेल्यापासून कूलर तीच भरायची, आणि काल तिनं भरला नव्हता. टाकी काठोकाठ होती. पंख्यातून घरात थंड हवा जात होती, आणि मुखरू त्या हवेत तोंड धरून उभा होता, डोळे मिटून.

तिनं बोट बुडवलं. जिभेला लावलं.

पाणी खारं होतं. ती राग शोधत होती. सापडला नाही. मग चुलीवर भाकरी टाकल्याचा आवाज आला, आणि ती उन्हातून आत जायला वळली.

दारात पोचली तोच आई खेकसली, "पाय पुसून ये! सगळं घर ओलं करशीन!"

दिव्यानीनं सवयीनं पाय उचलला. आई तिच्याकडे पाहत नव्हती. तिच्या खांद्यावरून, मागं पाहत होती.

उंबऱ्यापाशी पोत्याचं पायपुसणं होतं. दिव्यानीनं त्यावर पाय ठेवला.

पोतं आधीच ओलं होतं.